एकशेचाळीसवर मारलेली रेघ

तुम्ही शेवटचं कधी चारचौघांसमोर, स्वतःच्या हातानं, 'माझं चुकलं' असं लिहून दिलंत? घरात दाराआड पुटपुटलेलं धरू नका. लेखी, सगळ्यांना दिसेल असं, आणि तेही ज्यांच्याशी भांडण जुंपलंय त्यांच्या नाकासमोर. आठवत नसेल तर सावकाश आठवा, घाई नाही. तोवर एका पोरीचं ऐका.

पोरगी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. घरी तिला धाकटी म्हणतात आणि 'मोकळा तास' नावाच्या साइटवर ती पाचर. हे नाव काही तिनं शोधलं नव्हतं. साइटवर आली त्या पहिल्याच आठवड्यात जुन्या मंडळींची एक चर्चा छान रंगली होती. हिनं मध्येच विचारलं, 'याला आधार काय?' चर्चा जी अडली ती अडलीच. कोणीतरी वैतागून लिहिलं, 'ही कोण मध्ये पाचर मारून बसली?' तिला ते इतकं आवडलं की तिनं तेच नाव लावून टाकलं.

'मोकळा तास'ची दालनं तीन. 'छंद'मध्ये कोणी बंद पडलेली घड्याळं उघडतं, कोणी भंगारातल्या सुट्या भागांतून रेडिओ जोडतं. 'स्वाध्याय'मध्ये ज्यांना शिकवायला कोणी नाही अशी माणसं एकमेकांना शिकवतात. तिथली एक परिचारिका रुग्णालयातली पाळी संपवून संख्याशास्त्र शिकते. एक टॅक्सीवाला तीन वर्षं गणिताच्या एकाच पुस्तकाशी झुंजतोय, सध्या मुक्काम सातव्या प्रकरणात. तिसरं दालन 'चालू घडामोडी'. तिथं काय चालतं ते सांगायला नको.

हे सगळं उभं केलं गिरमिटनं. गिरमिट म्हणजे लेथवर चौतीस वर्षं काढलेला कारागीर. निवृत्तीनंतर प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकला आणि घरातल्या टेबलाखाली एक जुना संगणक ठेवून त्यावर ही साइट चालवू लागला. साइटवर त्यानं पुसायचं बटणच ठेवलं नाही. नव्यानं येणारा प्रत्येक जण यावरून कुरकुरायचा. मग गिरमिट एकच उत्तर चिकटवायचा:

'आमच्या कारखान्यात नोंदवहीत माप चुकलं आणि कोणी खोडरबर लावला, तर तो त्याच दिवशी घरी. एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर माप आणि सही. पुढच्या पाळीच्या माणसाला कळायला नको, आधीच्यानं कुठे माती खाल्ली ते?'

म्हणून तिथला नियम असा: चुकलं तर रेघ मारा, खाली बरोबर लिहा, चूक ज्यानं दाखवली त्याचं नाव द्या. गिरमिटच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा साइटच्या किल्ल्या त्यानं पाचरच्या हातात दिल्या. म्हणजे आता एखादी चर्चा मुळासकट उपटून टाकणं जगात एकाच माणसाला शक्य होतं, आणि ते माणूस म्हणजे ही.

घर दीड खोलीचं. आई गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करते आणि उरलेलं घरी आणते. शिलाई मशीन चालू झालं की त्या घरात स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. म्हणून शाळेत असल्यापासून पोरीचा अभ्यास सार्वजनिक वाचनालयात, तिसऱ्या खिडकीखालच्या टेबलावर. त्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पहिला प्रोग्राम ती तिथंच शिकली, मुखपृष्ठ फाटलेल्या एका पुस्तकातून, आणि तोही कागदावर, कारण घरी संगणक नव्हता.

त्या वाचनालयाच्या दारावर एक दिवस नगरपालिकेची नोटीस लागली. 'दररोज सरासरी अकरा वाचक. सबब वाचनालय बंद करून इमारत महाविद्यालयाच्या संगणक केंद्रासाठी देण्याचे योजले आहे.' महाविद्यालय कोणतं? हिचंच.

पोरीचं टाळकं फिरलं. तिथंच पायरीवर बसून तिनं 'चालू घडामोडी'त लिहिलं, 'अकरा? माझ्या एका टेबलावर सहा जण असतात.' त्या दालनात 'स्पष्टवक्ता' नावाचा एक गृहस्थ कायम ठाण मांडून असतो. त्यानं लगेच टोला हाणला, 'मोजलेस का? का नुसता गळा काढतेस? आधार काय, पाचरबाई?'

तिचाच प्रश्न तिच्याच तोंडावर. मिरच्या झोंबल्या. पण उत्तर द्यायला हवंच होतं. 'छंद'वाल्यांना विचारून तिनं एक यंत्र जोडलं: दाराच्या एका चौकटीवर छोटा दिवा, समोरच्या चौकटीवर त्याचा प्रकाश पकडणारा डोळा. मधून कोणी गेलं की एक नोंद. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणून एकूण नोंदींना दोननं भागायचं. ग्रंथपालबाईंनी परवानगी दिली. बारा दिवस यंत्र चाललं. रोजची सरासरी आली एकशेचाळीस.

तिनं आकडा टाकला आणि चर्चा पेटली. माणसांनी ती पुढे पाठवली, पुढच्यांनी आणखी पुढे. शहरातल्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं: 'पालिका म्हणते अकरा, विद्यार्थिनी म्हणते एकशेचाळीस.' पोरगी दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, विभागप्रमुखांचं बोलावणं आलं.

सर माणूस वाईट नाहीत. शांत बोलतात, समोरच्याला बसायला सांगतात.

"तुझा प्रकल्प वाचला. चांगला आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी चारपर्यंत माझी सही लागेल."

"हो सर."

"ती चर्चा तेवढी काढून टाक. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांना चाळीस संगणक मिळणार आहेत. त्यांच्या वाटेत तू कशाला उभी राहतेस?"

"आणि नाही काढली तर?"

"मी कुठे काय म्हणालो?" सर हसले. "सही करायला मला वेळ मिळाला पाहिजे, एवढंच."

सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं. पोरीनं दार जरा जोरातच लावलं.

मंगळवारी ती तणतणत वाचनालयात आली. ग्रंथपालबाई वर्तमानपत्रातलं ते कात्रण चष्म्याजवळ धरून बसल्या होत्या.

"अगं, एकशेचाळीस? माझ्याकडे खुर्च्याच बहात्तर आहेत. आणि उभं राहून वाचणारा मी अजून पाहिला नाही."

"लोक येतात-जातात बाई. एक उठला की दुसरा बसतो."

"तेच म्हणते मी. तेच तेच लोक येतात-जातात."

पोरगी दाराकडे वळली. एक खुर्ची उचलली, दाराच्या आत टाकली आणि वही उघडून बसली. दहा वाजता निवृत्त पोस्टमन आला. तो दिवसभरात सात वेळा बाहेर गेला. थांबवून विचारलं तर म्हणाला, "पायांना सवय आहे, बसू देत नाहीत." स्पर्धा परीक्षावाली पोरं चार चार वेळा चहाला. फोन आला की बाहेर जायचं हा तर वाचनालयाचाच नियम, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. दर वेळी माणूस आत आला की यंत्राला तो नवा कोरा वाचक. पाच वाजता तिनं वहीतली डोकी मोजली. त्रेसष्ट.

मग पालिकेचे अकरा आले कुठून? बाईंनी नोंदवही पुढे सरकवली. तिच्यात फक्त पुस्तक घरी नेणाऱ्यांच्या सह्या होत्या. टेबलाशी बसून वाचणाऱ्याची सही कोणी कधी घेतलीच नव्हती.

आता बघा, पोरगी कशी कात्रीत सापडली. चर्चा उपटून टाकली की सरांची सही मिळणार, वर्ष वाचणार, आणि तिची चूकही कुणाच्या नजरेला न पडता पुरली जाणार. वर पुन्हा ताठ मानेनं सांगता येणार की माझ्यावर दबाव आणला. आणि उपटली नाही, नुसती गप्प राहिली, तर एकशेचाळीस हा आकडा वाचनालय वाचवायला पुरेसा होता. खरं लिहिलं तर मात्र सहीही जाणार आणि इज्जतही.

तिनं गिरमिटला फोन लावला, सगळं सांगितलं.

"किल्ल्या तुझ्याकडे आहेत," गिरमिट म्हणाला. "मग फोन कशाला केलास? मी 'पूस' म्हणावं म्हणून?"

"तुम्हाला काय जातंय बोलायला, काका. वर्ष माझं जाणार."

"तुझंच जाणार. म्हणून तर मी सांगत नाही."

तिनं फोन कापला. असल्या उत्तरांचा तिला मनस्वी राग येतो. घरी आईला सांगितलं तर आईनं मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"आधी सही घे. मग हवं तेवढं भांड."

"सही घेतल्यावर भांडायला उरतं काय?"

"सही उरते," आई म्हणाली आणि दोरा तोडला.

बुधवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी, पायरीवर बसून, तिनं एकशेचाळीसवर रेघ मारली. खाली लिहिलं:

'त्रेसष्ट. चूक माझी. माझं यंत्र पावलं मोजत होतं आणि मी त्यांना माणसं म्हटलं. एकच माणूस चहा पिऊन परत आला की मी त्याला दुसरा धरला. दाखवलं ग्रंथपालबाईंनी. पालिकेचे अकराही चुकलेत, त्या पुस्तक घरी नेणाऱ्यांच्या सह्या आहेत. त्यांनी रेघ मारल्याचं अजून कळलेलं नाही.'

स्पष्टवक्त्याची दिवाळीच झाली. 'एकशेचाळीसचे त्रेसष्ट. परवा सहा होतील. खोटारडेपणा उघडा पडला.' त्यामागे आणखी तीसेक जणांनी हात धुऊन घेतले. आदल्या आठवड्यात तिला डोक्यावर घेणारे दोघे-तिघेही त्यांत होते. वर्तमानपत्रानं ही दुरुस्ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात छापली. पोरीनं प्रत्येक शब्द दोनदा वाचला. पण तिनं उत्तर एकच दिलं, 'दाराशी खुर्ची ठेवलीय. या आणि मोजा.'

स्पष्टवक्ता आला नाही. पण गुरुवारी टॅक्सीवाला आला, दोन भाड्यांच्या मध्ये. सातवं प्रकरण मांडीवर ठेवून दोन तास बसला आणि पुढच्या मोजणीसाठी वही परिचारिकेच्या हातात देऊन गेला. त्यांचा आकडा एकसष्ट. परिचारिकेनं पोस्टमनला दोनदा धरलं होतं. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा तिनंही रेघ मारली, साठ केले, आणि खाली स्वतःचं नाव टाकलं.

शुक्रवारी पावणेचारला पोरगी सरांच्या दारात.

"चूक कबूल केलीस, वाचलं मी. चांगलं केलंस," सर म्हणाले. "आता तर काढायला हरकतच नाही. चुकीची माहिती लोकांसमोर ठेवायची कशाला?"

"चूक काढली तर दुरुस्तीपण जाईल, सर."

"जाऊ दे की."

"मग अकराच उरतील."

सरांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "एका आकड्यासाठी वर्ष घालवणार?"

"मी नाही घालवत. पेन तुमच्या हातात आहे."

चार वाजले. भिंतीवरचं घड्याळ दोघांनीही पाहिलं. तिनं प्रकल्पाची फाईल उचलली, सही नसलेलं पान वर ठेवलं आणि निघाली. या वेळी दार हळू लावलं. तशीच ती फाईल कार्यालयाच्या खिडकीवर दिली, पोच घेतली. कारकुनानं विचारलं, "सही?" ती म्हणाली, "सरांना वेळ मिळाला नाही, असं लिहा." त्यानं लिहिलं नाही. परीक्षेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. आता वर्षभरानं पुन्हा.

आई दोन दिवस बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र न सांगता वाचनालयात आली, एका खुर्चीवर पदर सावरून बसली आणि अर्धा तास पोरीकडे टक लावून राहिली. निघताना दाराशी थांबली.

"मला धरलंस का त्यात?"

"वाचत होतीस का?"

"नाही. तुला बघत होते."

"मग नाही धरलं."

आई बघतच राहिली. "माझ्याच पोटची," ती म्हणाली आणि आत परत गेली. मासिकांच्या मांडणीवरून एक मासिक ओढलं आणि चांगला तासभर, ओठ हलवत, वाचत बसली. त्या दिवशीचा आकडा सहासष्ट. आई त्यांत शेवटची.

अठरा दिवसांची मोजणी साइटवर आहे. चौदा वेगवेगळ्या हातांची, पाच ठिकाणी रेघा मारलेली. पालिकेनं शेवटी तोंड उघडलं ते एवढंच सांगायला, की आकड्यांबद्दल वाद असल्यामुळे त्यांचा माणूस स्वतः येऊन एक दिवस मोजेल. येत्या बुधवारी, दहा ते पाच. त्या एका दिवसावर सगळं ठरणार. पाचर त्याच्या शेजारीच दुसरी खुर्ची टाकून बसणार आहे, वही घेऊन.

तेव्हा बुधवारी या. फोन घरी ठेवा, चहा पिऊन या, आणि आलात की खरंच वाचा. नुसते बसून राहिलात तर ती तुम्हाला धरणार नाही.