दस्त्याखालचे दहा पैसे

लाकडाचा भुसा सकाळी कितीही झाडला तरी संध्याकाळी पुन्हा तेवढाच साठतो. किश्श्यांचंही तसंच. माझे पती इब्राहिम रियाधमध्ये, अल मलाझच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं सुतारकाम करतात. तिथेच पॉलिश करणारे हैदराबादचे जब्बारभाई दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात. सुरमईचं कालवण वाढता वाढता मी जे ऐकलं तेच इथे सांगते. सांगताना दोघंही हसायचे. मला प्रत्येक वेळी हसू आलंच असं नाही.

*

हे पहिल्यांदा आले तेव्हा यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता मेंढपाळ. कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, सुताराचा व्हिसा नव्हता, मेंढपाळाचा शिल्लक होता, म्हणून.

एकदा चौकीवर पोलिसाने पिकअप अडवली. इकामा उलटसुलट करून पाहिला.

"मेंढपाळ? मग मेंढरं कुठे आहेत?"

जब्बारभाईंनी शांतपणे मागे दाटीने बसलेल्या सहा कामगारांकडे बोट दाखवलं.

"ती काय, मागे बसलीत."

पोलीस इतका हसला की त्याने गाडी सोडून दिली. मागचे सहाजण मात्र वर्कशॉप येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढे इकाम्यावर फोरमन लागलं, फोरमनला बायको आणता येते, आणि मग मला इकडे येता आलं.

*

यांचं घराणं रत्नागिरीकडे खाडीवर होड्या बांधणारं. डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी एक नाणं ठेवायचं, ही त्यांची रीत. जागा बंद झाली की ते कोणाला दिसत नाही, दिसायचंही नसतं. हे इथे पलंग आणि कपाटं करू लागले, तरी रीत सुटली नाही. माझ्या सासऱ्यांच्या डब्यातली जुनी दहा पैशांची नाणी, ती नागमोडी कडेची, यांनी सोबत आणली होती. पण सरसकट प्रत्येक कामात नाही. काम मनासारखं उतरलं तरच.

जब्बारभाई पॉलिशचा बोळा हातात घेऊन आधी विचारायचे, "उस्ताद, पैसा रखा?"

हे नाही म्हणाले तर म्हणायचे, "फिर मैं भी एक ही हाथ मारूंगा।"

*

तेव्हा वर्कशॉप आत्ताच्या कफीलच्या वडिलांचं होतं. एक दिवस एक म्हातारा शिकारी चादरीत गुंडाळून एक लाकूड घेऊन आला. जुन्या शिकारी रायफलीचा अक्रोडाचा दस्ता. लोखंड सगळं घरी ठेवून आला होता.

त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडून वाकडं बसलं होतं. दस्ता लांब पडायचा, गालाला टेकायचा नाही. कोणी म्हणालं फेकून दे, कोणी म्हणालं नवी रायफल घे. त्याला तीच हवी होती.

यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. म्हाताऱ्याला समोर बसवलं, त्याच्या खांद्यावर पुठ्ठा धरून माप घेतलं, जसं शिंपी घेतो. दस्ता मागून कापला, गालाच्या जागी अक्रोडाचाच तुकडा असा जोडला की नखाला सांधा लागू नये. टोकाला पितळी पट्टी बसवली, आणि पट्टीखाली नाणं. वरचं पॉलिश जब्बारभाईंचं.

म्हातारा खूश होऊन यांना घरी कॉफीला घेऊन गेला. तो स्वतः उभा राहून ओतायचा. हे फिंजान, तो कॉफीचा छोटा पेला, रिकामा करायचे, तो पुन्हा भरायचा. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून हे पीतच राहिले. अकरा फिंजान झाले. शेवटी म्हाताऱ्याने हसत यांचं मनगट धरलं आणि फिंजान दोनदा डावी-उजवीकडे हलवला.

"बाळा, पुरे झालं की असं करायचं. नाहीतर मी ओतणारच."

त्या रात्री हे पहाटेपर्यंत टक्क जागे होते. त्यानंतर कित्येक वर्षं इथे कोणी स्वतः उभं राहून यांना कॉफी दिली नाही.

*

पुढे वडील गेले आणि वर्कशॉप मुलाकडे आलं. त्याच्या वेळी एका घरी कपाट हलवताना तळाची फळी निघाली, आणि खाली दहा पैसे. बाईंनी किंकाळी फोडली. परक्या देशाचं नाणं, लपवून ठेवलेलं, म्हणजे नक्कीच कोणीतरी जादू केली. इथे जादूटोण्याचा आरोप ही हसण्याची गोष्ट नाही, माणूस तुरुंगात जातो.

कफीलने हात जोडून कसंबसं प्रकरण मिटवलं. त्या बाईंच्या घरी कपाटावर दम केलेलं, म्हणजे आयती वाचून फुंकलेलं, पाणी शिंपडलं गेलं. जब्बारभाई म्हणाले, "मेरी पॉलिश गई।"

कफीलने यांना बोलावून सांगितलं, "पुन्हा नाणं सापडलं तर विमानाचं तिकीट. खलास."

त्या दिवसापासून यांनी नाणं ठेवलं नाही. डबा माझ्या स्वयंपाकघरात वेलचीच्या बरणीमागे गेला.

*

गेल्या हिवाळ्यात कफीलने यांना समोर बसवून सांगितलं, "इब्राहिम, साठी झाली. या वेळी इकामा नाही वाढवत. तरुण माणूस आणायचाय."

आमची रुबिना तेव्हा अकरावीत होती. यांचा इकामा संपला की आम्हा तिघांनाही जावं लागणार, तेही तिच्या बारावीच्या मधोमध. यांनी एकच वर्ष मागितलं. तो म्हणाला, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे बघू असतं. इथे बघू म्हणजे नाही.

त्याच महिन्यात त्याने जेद्दाच्या एका दलालाकडून जुनी शिकारी रायफल घेतली. कौतुकाने वर्कशॉपमध्ये आणली, टेबलावर हिरव्या कापडावर ठेवली आणि सगळ्यांना गोळा केलं. दलालाने सांगितलं होतं की पहिला मालक कोणी इंग्रज साहेब होता, त्याने खास लंडनच्या कारागिराकडून दस्ता बदलून घेतला. त्या दस्त्यासाठीच रायफल घेतली होती.

"हात लावून बघा," कफील म्हणाला. "सांधा सापडतो का? याला म्हणतात काम. तुम्हाला जन्मात जमणार नाही."

सगळ्यांनी हात लावला. यांनीही लावला.

जब्बारभाईंनी मला सांगितलं, "भाभी, पॉलिश मेरी, और तारीफ लंडन की।" आणि जेवण अर्धं टाकून उठले.

*

रुबिना म्हणाली, "जस्ट टेल हिम, अब्बा."

मीही म्हटलं, "सांगा. तुमचाच हात आहे हे कळलं तर एक वर्ष तरी देईल."

हे म्हणाले, "नाण्याचं तोंडातून काढलं तर तिकीट आहे."

"नाही सांगितलं तरी तिकीटच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी यांनी जाऊन सांगितलं. कफील खो खो हसला. "उद्या म्हणशील विमानतळही मीच बांधला."

हे म्हणाले, "पट्टीचे दोन स्क्रू काढा. खाली दहा पैसे निघतील."

त्याने काढले. निघाले.

कफीलने नाण्यावर बोट फिरवून पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"जब्बारला. घरी."

"नाणं काढ. खाच अशी भर की कळता कामा नये. मी चार लोकांना लंडन सांगून बसलोय. तुझं एक वर्ष करून देतो."

यांनी अक्रोडाचा भुसा आणि सरस कालवून खाच भरली, पट्टी बसवली. नाणं खिशात घालून घरी आणलं आणि डब्यात टाकलं. रुबिनाने मिठी मारली. हे जेवले नाहीत.

*

इकामा वाढला. पुढच्याच आठवड्यात कफीलकडे पाहुणे आले. सतरंजीवर मधोमध रायफल. एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता, म्हणून यांना बोलावून घेतलं होतं. एका वयस्क पाहुण्याने दस्त्यावरून हात फिरवला आणि सहज यांना विचारलं, "तू सुतार ना? तुझ्या हातून होईल असं काम?"

कफील यांच्याकडे बघत होता.

हे म्हणाले, "आता नाही होणार."

पाहुणे हसले. कफील उठला. दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, घेऊन स्वतः यांच्यापाशी आला आणि एक फिंजान भरून हातात दिला. यांनी तो प्यायला. त्याने पुन्हा ओतायला दल्ला वाकवला.

यांनी फिंजान दोनदा डावी-उजवीकडे हलवला आणि त्याच्या हातात परत दिला.