शेवटच्या मुलीची पट्टी

शाळा सुरू झाली ती मोठ्या बाईंच्या दिवाणखान्यात. घर त्यांचं, खुर्च्या त्यांच्या, फळा तेवढा सुताराकडून करून घेतलेला. सरकारचं अनुदान नाही, पाठीशी कुठली संस्था नाही. शेजारच्या काही घरांनी विश्वासानं मुली पाठवल्या आणि शाळा झाली. मुली वाढत गेल्या तशी बाईंची राहती जागा आकसत गेली. झोपायची खोली सातवीला गेली, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली (तिथं अजून तळणाचा वास येतो, असं मुली शपथेवर सांगत), आणि शेवटी मोठ्या बाई जिन्याखालच्या खोलीत राहायला गेल्या. पण वसतिगृह त्यांनी कधी काढलं नाही. "मुलगी सकाळी घरून येईल, संध्याकाळी घरी जाईल," त्या म्हणत. "मी कुणाची आई व्हायला बसलेली नाही."

त्यांचा एक नियम होता: मुलगी हातातून हातात. सुरुवातीच्या काळात एक लहान मुलगी एकटीच फाटकाबाहेर पडली आणि अंधार पडेपर्यंत सापडली नाही. तेव्हापासून खालच्या वर्गातल्या मुलीचा हात न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय तिला सोडायचं नाही, आणि शेवटची मुलगी गेल्याशिवाय फाटक लावायचं नाही, असं ठरलं. तोवर फाटकाजवळच्या बाकावर तिच्यासोबत एक मोठं माणूस बसायचं.

शाळेच्या आताच्या शिवणबाई या बाकावरच लहानाच्या मोठ्या झाल्या म्हटलं तरी चालेल. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि काम उरकेल तेव्हा यायचे. त्यामुळे शेवटची मुलगी बहुतेक वेळा त्याच, आणि शेजारी खुद्द मोठ्या बाई. एकदा त्यांचे डोळे भरून आलेले पाहून मोठ्या बाईंनी त्यांच्या हातात दोन सुया आणि उरलीसुरली लोकर दिली. "रडायचं असेल तर रड, पण ओळ अर्धी सोडू नकोस," एवढंच म्हणाल्या. त्या ओळींची पट्टी झाली. दुसऱ्या कुणाची पाळी आली की ती तिथून पुढं विणायची. पट्टी वाढतच गेली. तिचा उपयोग काहीच नव्हता. चादरीसारखी गुंडाळी करून ती बाकाखालच्या खोक्यात ठेवलेली असायची.

शिकूनसवरून शिवणबाई याच शाळेत शिवण शिकवायला आल्या. लग्नाचं जमता जमता राहून गेलं, वडील गेले, भाऊ दूर नोकरीच्या गावचाच होऊन बसला. मोठ्या बाईंच्या माघारी बाकावर कुणी बसायचं हे कुणी ठरवलं नाही. बाकीच्या शिक्षिकांना घर होतं, घरात वाट बघणारी माणसं होती. घंटा झाली की त्या पर्स खांद्याला लावून भराभर निघत. शिवणबाईंना घाई कसली? रस्त्यापलीकडं त्यांची एक खोली. कुलूप काढलं की खुर्ची सकाळी जशी तिरकी राहिलेली असायची तशीच तिरकी दिसायची. दिवसाकाठी त्यांच्याशी कामाशिवाय कुणी बोलत असेल, तर ती शेवटची मुलगी.

मग शाळेच्या बसगाड्या आल्या. घंटा होते न होते तोच मैदान रिकामं होऊ लागलं. बाकावर टेकावं, तोच शेवटच्या मुलीचा मामा नाहीतर आजी फाटकात हजर. खोक्यातली पट्टी बाहेरही निघेना.

अशा दिवसांत ती आली. पहिलीतली, गोल चेहऱ्याची, गोल डोळ्यांची. शिवणबाईंनी तिचं नाव ठेवलं बटण. आई रुग्णालयात परिचारिका, दुपारपाळीची. वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. पहिल्याच आठवड्यात ते धापा टाकत आले.

"माफ करा हं बाई, उशीर झाला. उद्यापासून दुकान मध्येच बंद करून वेळेवर येत जाईन."

"छे, छे," शिवणबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक सोडून कशाला येता? सावकाश या. ती रमते माझ्यापाशी."

"नक्की ना? तुम्हाला त्रास नको."

"मला कसला त्रास? मी इथंच असते."

भला माणूस. त्यानं शब्द प्रमाण मानला आणि सावकाश येऊ लागला. फाटकावरची मावशी, जी शिवणबाईंइतकीच जुनी होती, रोज एकच विनोद करायची. "गावाची घड्याळं नीट करतो आणि स्वतः उशिरा. याच्याकडं माझं घड्याळ द्यायची माझी छाती नाही बाई."

शिवणबाईंना हसू यायचं. त्यांचे दिवस पालटले होते. सकाळी खिडकी उघडताना संध्याकाळी बटणाला काय सांगायचं, हे मनात जुळत असायचं. बटण शिकलीही चटकन. पाय हलवत, जीभ दातांत धरून विणायची, आणि मध्येच विचारायची, "बाई, मोठ्या बाई जिन्याखाली झोपायच्या तेव्हा डोकं आपटायचं का हो?"

"आपटायचं तर. म्हणून तर त्या तशा कडक झाल्या."

पुढं पुढं बटणाचे पाय हलायचे थांबले. प्रश्नही कमी झाले. शिवणबाईंना वाटलं, मूल विणण्यात रंगलंय. पण एका संध्याकाळी बटणानं सुया त्यांच्यापुढं धरल्या.

"सुई जातच नाही."

त्यांनी पट्टी हातात घेतली. टाके इतके आवळलेले की सुईचं टोकही शिरेना. आयुष्यभर मुलींचे हात त्यांनी टाक्यांवरून ओळखले होते. घाबरलेल्या मुलीचा हात आवळतो, हे त्या दर वर्षी नव्या वर्गाला हसत सांगत. त्यांनी गुंडाळी थोडी उलगडली. बटणाचे पहिले टाके कसे मोकळे, डुलत गेलेले. मग ओळीमागून ओळ घट्ट होत पट्टी अरुंद झालेली. आणि या सगळ्या ओळींत दुसऱ्या कुणाचाच हात नाही.

"हात सैल सोड गं," त्या म्हणाल्या.

"बाई, बाबांच्या मी लक्षात राहत नाही का?"

"कोण म्हणालं असं?"

"कुणी नाही. बसमधल्या मुली म्हणतात, हिला कुणी न्यायला येत नाही. बाबा दिवसभर घड्याळंच बघतात ना? सगळ्यांची बघतात. मग माझी वेळ झालेली त्यांना कशी दिसत नाही?"

मावशी फाटकापाशी झाडत होती. तिचा झाडू थांबला.

गप्प बसता आलं असतं. बाबांना काम असतं, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. शिवणबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या.

"त्यांना दिसते वेळ. मीच सांगितलं होतं त्यांना, सावकाश या म्हणून."

बटणानं मान वर केली. "का?"

"मला सोबत हवी होती."

बटणानं बराच विचार केला. "मग मला विचारायचं ना."

"विचारलं असतं तर बसली असतीस?"

"एखाद्या दिवशी," बटण प्रामाणिकपणे म्हणाली.

त्या दिवशी वडील आले तेव्हा शिवणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "उद्यापासून घंटेला येत जा. ती वाट बघते."

"पण तुम्हीच तर म्हणालात, रमते म्हणून."

"मी रमत होते," शिवणबाई म्हणाल्या. आणखी काही विचारायला त्यांनी जागाच ठेवली नाही. बटणाचा हात घेतला आणि वडिलांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच घड्याळवाले फाटकाला नाक लावून उभे. मावशीनं विनोद गिळला. बटण धावत आली, दप्तर पाठीवर आपटत. शिवणबाईंनी तिचा हात धरला आणि लगेच वडिलांच्या हातात सोडलाही. ती वळूनही न बघता बोलत बोलत निघाली. मोठ्या बाईंना घरी जाणारी मुलगी जशी हवी असायची, तशीच. मग गाड्या सुटल्या आणि मैदान रिकामं झालं.

शिवणबाई बाकावर बसल्या. खोक्यातून पट्टी काढून आवळलेली ओळ उसवली आणि पुन्हा सैल हातानं विणू लागल्या. पुढं विणायला कुणी येणार नव्हतं, पण अडकलेली ओळ तशीच ठेवून उठवेना.

मावशी कुलूप घेऊन आली. "आत कुणी राहिलं नाही ना?"

"नाही. लावा."

"कसं लावू? शेवटची मुलगी अजून बसलीय की." तिनं हात पुढं केला. "उठा आता. गुडघे धरतील."

ओळ पुरी करून शिवणबाईंनी तो हात धरला आणि त्या उठल्या. मावशीनं त्यांना फाटकाबाहेर आणलं, कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं. तिचं घर डावीकडं, मुलं नातवंडं वाट बघत असलेलं. "येते हं बाई," म्हणून ती वळली.

शिवणबाईंचा हात आणखी क्षणभर तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो पिशवीत घालून किल्ली शोधली आणि रस्ता ओलांडला.