कार्डात काही आढळले नाही

निवृत्त झाल्यापासून कोणी तपासाच्या गोष्टी विचारल्या की मी ठरलेल्या दोन-तीन सांगतो. एक दरोडा, एक खोट्या दागिन्यांचे प्रकरण, आणि ऐकणाऱ्याला हसू यावे म्हणून एक कोंबडीचोर. ही गोष्ट मात्र घरातही कधी सांगितली नाही. नारळी पौर्णिमा आली की ती समोर उभी राहते, आणि त्या दिवशी मी बंदराकडे फिरकत नाही. नावे देत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

साल २००७. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. नारळी पौर्णिमेला सारा गाव बंदरावर असतो. समुद्राला नारळ दिल्याशिवाय होड्या पाण्यात जात नाहीत, तोवर त्या खाडीकाठी माडाच्या झापांखाली झाकलेल्या असतात. त्या दिवशी होड्यांजवळ राखणीला एकच म्हातारा होता. दुपारी त्याला एका बाईने चहा नेऊन दिला, तेव्हा तो ठीक होता. उन्हे कलायच्या सुमाराला तो डोके फुटलेल्या अवस्थेत सापडला, आणि एका होडीचे इंजिन गायब होते. शुद्धीवर न येताच तो गेला. गुन्हा खुनाचा झाला.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. म्हाताऱ्याचा पुतण्या एका होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस. होडीतल्या वाट्यावरून चुलत्या-पुतण्याचे आठवड्यापूर्वी भर बाजारात भांडण झाले होते. "तुका बघून घेतंय," असे तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. शिवाय त्या दिवशी तो खाडीकडे जाताना दिसला होता.

मी त्याला उचलले. रुंद खांद्यांचा, शांत माणूस. खाडीकडे गेल्याचे त्याने लपवले नाही.

"काकाक जेवण घेवन गेलंय. भांडलंय म्हणान उपाशी ठेवू काय?"

"आणि नंतर?"

"मगे बंदरार. नारळ लढवीत होतंय. सगळ्यांनी बघितल्यानी."

नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला, असा तो खेळ. साक्षीला त्याच्याच होडीवरचे खलाशी आले. मी त्यांना हाकलले. तेव्हा तो म्हणाला, "भाईन फोटो काढलेले आसत. तेंका इचारा."

भाईंचा बाजारात स्टुडिओ होता. बंदरातले कोकणी मुसलमान कुटुंब, वडिलांपासूनचा धंदा. ठाण्याला स्वतःचा डिजिटल कॅमेरा मिळेपर्यंत आमच्या पंचनाम्यांचे फोटो तेच काढत. बोलावताच कॅमेरा गळ्यात घालून आले.

"फोटो आसत, सायबानू. एकामागसून एक काढलंय. येळपण दिसतली. पण अजून काम्पुटरार घेवक नाय. रॉमध्ये आसत."

"रॉ म्हणजे?"

"म्हणजे कच्चे. रोल धुवच्या आधी कसो आसता, तसे. दुपारचा ऊन, मागे चकाकणारो दर्या, माणसांची तोंडां काळी येतत. कच्चे काढले की मगे तोंडां उजळूक गावतत. जेपेगात, म्हणजे कॅमेऱ्यान तयार करून दिलेल्या फोटोत, तेवढा जमना नाय. एरवी मी दोनूय प्रकारचे काढतंय, पण कार्ड बेगीन भरता. काल गर्दी, म्हणान नुसते रॉ. तरी शेवटाक कार्ड भरलाच."

आमचे हवालदार हसले. "भाई, माझ्या लग्नात माझे डोळे मिटलेले काढलास. आनि हय शेकड्यानी माणसांत तांडेल बरोबर गावलो?"

"तू फोटो काढताना झोपतंस, तेका मी काय करू?" भाई म्हणाले. मलाही हसू आले. त्या खोलीतले ते शेवटचे हसू.

भाईंनी कॅमेऱ्यातले कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. "तुमच्या कॅमेऱ्यात हे दिसूचे नाय. दुकानात चला, आत्ता दाखवतंय."

"पुरावा तुमच्या दुकानात, तुमच्या हाताने उघडायचा?" मी म्हणालो. त्या वेळी मला ते फार हुशारीचे वाटले. त्यांनी कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी ठाण्यात आणावा, पंचांसमोर कार्ड उघडू, असे ठरले. कार्ड मी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवले. पंचांसमोर पुन्हा उघडायचेच आहे, तर लाख कशाला वितळवायची, म्हणून सील केले नाही.

सकाळी कुडाळ रस्त्यावर ट्रकने दुचाकी उडवल्याचा फोन आला. पंचनाम्याला कॅमेरा हवा होता, आणि ठाण्याचे एकुलते एक कार्ड प्रिंट काढायला बाहेर गेलेले. मी खणातले पाकीट उघडले. भाईंच्या आणि ठाण्याच्या कॅमेऱ्यात एकाच प्रकारचे कार्ड बसत होते.

अपघाताच्या जागी कार्ड घातले. पडद्यावर आले, एकही चित्र नाही. मनात म्हटले, भाई खोटे बोलला. बटण दाबले, तर फोटो निघेना. कार्ड भरलेले आहे, असे पडद्यावर दिसले.

इथेच मी थांबायला हवे होते. रिकामे कार्ड भरलेले कसे असेल? आदल्याच दिवशी भाईंनी मला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, कार्ड भरलेय आणि तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही. पण माझा आरोपी ठरून गेला होता. रस्त्यावर प्रेत होते, वाहने तुंबली होती. मी फॉरमॅटवर गेलो. सगळे पुसले जाईल, चालेल का, असे कॅमेऱ्याने विचारले. मी चालेल म्हटले.

अपघाताचे फोटो काढले. ठाण्यात येऊन ते कॉम्प्युटरवर घेतले, कार्डावरून काढून टाकले आणि कार्ड परत पाकिटात घातले.

दुपारी भाई रिक्षातून आले. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आणला होता. ठाण्याबाहेर तांडेलाची आई बसली होती. मासे विकणारी बाई, पाटी रिकामीच होती, त्या दिवशी तिने मासळी घेतलीच नव्हती. आत जाताना भाई तिला म्हणाले, "रडा नको गो आये. तुझो झील आसा माझ्या कार्डात."

पंच बसले. भाईंनी कार्ड लावले. पडद्याकडे बघत राहिले. कार्ड काढले, फुंकर मारली, परत लावले.

"रिकामा कसा?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सायबानू, कार्ड कोणी...?"

"पाकीट माझ्या ताब्यात होते," मी म्हणालो.

ते खरेच होते. पंचनाम्यात मी लिहिले, 'सदर कार्डात काहीही आढळून आले नाही.' तेही खरेच होते. त्याखाली भाईंची सही घेतली. बाहेर जाताना ते त्या बाईसमोर क्षणभर थांबले. भाईंनी कॉम्प्युटर रिक्षात ठेवला, चादर मात्र आमच्याच ठाण्यात राहिली.

गावात बोलले जाऊ लागले की भाई तांडेलासाठी खोटे बोलले. हवालदारही म्हणाले, "तेंच्याकडसून असा वाटला नव्हता हो." मी गप्प राहिलो. तांडेल कोठडीतून जिल्हा कारागृहात गेला. त्याची आई ठाण्यात येत राहिली. "माझो झील थंय नाय होतो," एवढेच सांगायची. पावसाळ्यानंतर ती आजारी पडली आणि गेली.

अग्नी द्यायला मुलाला बंदोबस्तात आणले. त्याची बेडी मी काढायला लावली. ती माझी दया समजून त्याने मला हात जोडले.

गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एका टेम्पोत गोणींखाली इंजिन सापडले, ते त्यानंतर. इंजिनावरचा क्रमांक जुळला. टेम्पोतल्या माणसाने दुसऱ्यांदा विचारताच सांगून टाकले. बाहेरगावचा चोर, म्हाताऱ्याने आरडाओरडा केला म्हणून डोक्यात वल्हे घातले. तांडेल सुटला. तपास लावल्याबद्दल माझे कौतुक झाले.

पुढे कॅमेऱ्याचे एक प्रशिक्षण झाले. चुकून पुसलेले फोटो पुष्कळदा परत मिळतात, पण त्याच कार्डावर नवे काढले तर मिळणे कठीण, असे तिथे सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. तेव्हापासून नव्या अधिकाऱ्यांना मी एकच गोष्ट घोकून घेत असे, जप्त वस्तू त्याच क्षणी सील करा. का, ते सांगितले नाही. वाईट हेतूने पुरावा नष्ट करणारे मी पाहिले होते. माणूस आधी ठरवून मोकळा झाला, की तेच काम हेतूशिवायही होते, हे मला स्वतःकडून कळले. पण ती चूक होती. गुन्हा मी नंतर केला, पंच बसलेले असताना.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांना फोटो हवा होता, म्हणून भाईंच्या स्टुडिओत गेलो. खरे तर सांगायलाच गेलो होतो. भाई थकलेले दिसले. मला स्टुलावर बसवले, दिवे लावले आणि स्वतःहूनच बोलू लागले.

"आता दोनूय काढतंय, सायबानू. रॉ आनि जेपेग. साध्या फोटोकपण. त्या दिवसापासून." ते कॅमेऱ्यामागे वाकले. "माझ्याच हातान खंयतरी चुकीचा बटण दाबला आसतला. तांडेलाच्या आवशीक परत तोंड दाखवूक नाय मी. ती गेली, तरी नाय."

मी बोलायला तोंड उघडले.

"तोंड मिटा, सायबानू. सरळ बघा."

मी तोंड मिटले. फोटो निघाला. उठताना मी म्हणालो, "होते असे कधी कधी, भाई."

"होता," ते म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

पुढच्या वर्षी ते वारल्याचे कळले. तो फोटो माझ्या पेन्शनच्या कागदांवर आहे. ओठ घट्ट मिटलेले आहेत.

भाई, कार्ड भरलेले होते. तांडेल त्यात होता. बटण मी दाबले. मला माफ करा.