नाल्यापलीकडची शाळा

सावली तालुक्यातल्या त्या गावात एका नाल्याच्या दोन काठांना दोन शाळा होत्या. गावाची गावात, बौद्धांची टोलीत, म्हणजे पलीकडच्या त्यांच्या वस्तीत. पोरं वेगळी बसवा असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला पडली नव्हती.

टोलीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईला ते सलायचं. आपली नात रोशनी गावच्या पोरींच्या मांडीला मांडी लावून बसली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. पट घटला म्हणून दोन्ही शाळा एक करायची गोष्ट निघाली, तेव्हा तिचा मुलगा संघपाल कुरकुरला.

"माय, ही शाळा आपल्या लोकायनं श्रमदानानं बांधली. काऊन सोडाची?"

"मंग पोट्टे जनमभर नाल्याच्या इकडंच ठेवतं का?"

ग्रामसभेत पहिला हात तिचा वर गेला. दुसरा बापूजींचा. गावचे मोठे शेतकरी, शाळा समितीचे अध्यक्ष. तो हात पाहून तिथंच संशय यायला हवा होता. पण बाई हरखली. टोलीच्या शाळेच्या सतरंज्या तिनं स्वतः डोक्यावरून नाल्यापलीकडे नेल्या.

एक झालेल्या शाळेत स्वयंपाक तिच्याकडेच आला. पहिल्या दिवशी गावची पोरं घरून डबे घेऊन आली. एकट्या चंचलनं, बापूजींच्या नातीनं, डबा बंद केला, रोशनीजवळ सरकली आणि ताटली पुढं केली. वरून म्हणाली, "आजी, अजून वाढ ना."

पुढच्या सोमवारी गावच्या चौकात सावलीच्या एका कॉन्व्हेंटची पिवळी गाडी उभी राहिली. चंचलला सगळ्यांत आधी चढवलं. आठवडाभरात गावचं एकही पोर शाळेत उरलं नाही. गाडी ग्रामसभेच्या आधीच ठरली होती. ठरवणारा कोण, ते वेगळं सांगायला नको. गावची पोरं गेली तरी टोलीच्या पोरांच्या पटावर गावची शाळा आणि बापूजींचं अध्यक्षपद टिकणार होतं.

रोवणा आला, धानाच्या लावणीचे दिवस सुरू झाले, तसे बापूजी टोलीत आले.

"बायनाबाई, उद्या बाया घेऊन ये. तुह्यासारखा रोवा कोणाले जमत नाई."

"चंचल कशी हाये?"

"बरी हाये. त्या दिवशी पोट बिघडलं होतं तिचं."

"माह्या खिचडीनं?"

"मी तसं म्हणलो का?"

"तुमच्या बांधीतला धान मीच रोवतो, बापूजी. त्याचा भात तुमची नात रोज खाते. तवा नाई बिघडत? यंदा कॉन्व्हेंटच्या मॅडमले उतरवा चिखलात."

बापूजी हसले. "तू नाई तर दुसऱ्या येतीन."

दुसऱ्या गेल्या. टोलीतल्याच. घरी चूल पेटायची होती, त्यांना ती कोणत्या तोंडानं अडवणार?

मग ती हेडमास्तर दिनेश सरांकडे गेली. "सर, टोलीची शाळा वापस खोला."

"बंद झालेली शाळा कोणी उघडत नाही, बाई," सर म्हणाले. मान मात्र खालीच.

दुपारी पोरं ओळीनं जेवायला बसली. सगळी टोलीची.

"आजी, तू म्हणली होती, चंचल माह्याजवळ बसन," रोशनी म्हणाली.

"जेव."

"मंग आपली शाळा सोडून इकडं काऊन आलो?"

"चूप जेव म्हणलं ना," बायनाबाई अशी खेकसली, की ओळीतल्या साऱ्या पोरांचे हात थांबले.