कोबे दर्शन आणि निळ्या झाकणाचा डबा

आईला कोबे आवडलंच पाहिजे, एवढ्या एकाच हेतूने मी मार्चमधलं कोबे दर्शन आखलं होतं.

डोंबिवली ईस्टला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूची आईची इमारत रीडेव्हलपमेंटला निघाली. येत्या दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं रिकामी करायची आणि नवीन घर मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं दुसरीकडे काढायची, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. आई पंचाहत्तरीची, आणि एकटी. माझ्याकडे ठाण्याला दोन खोल्या, त्यात सासू-सासरे आणि बारावीचा मुलगा. तरी मी म्हटलं, ये. त्यावर तिचं उत्तर तयार होतं, "लेकीच्या घरी किती दिवस पडून राहायचं?" तिला त्याच गल्लीत भाड्याने जागा घेऊन एकटीने राहायचं होतं. गल्लीतल्या एकाही इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या पावसाळ्यात ती जिन्यात घसरली होती आणि शेजारची मुलगी कॉलेजमधून येईपर्यंत पायरीवर तशीच बसून राहिली होती. मोबाइल हातात होता. मला फोन केला नाही. का, तर "तू ऑफिसात असशील म्हणून."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आईला एकटं राहू द्यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ जपानमध्ये कोबेला असतो. बंदरावरच्या क्रेन बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, चाळिशी उलटली तरी एकटाच आहे, आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे जायचं, मधले काही महिने माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं. कागदावर उत्तम दिसत होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघायला येईन. राहायला नाही. परतीचं तिकीट तुझ्याच बरोबरचं काढ."

मग मी तिला दाखवायला लागले.

कोबे एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र यांच्यामध्ये लांबट पट्टीसारखं वसलेलं आहे. तिथले लोक पत्ता सांगताना डोंगराकडची बाजू आणि समुद्राकडची बाजू असं म्हणतात. भावाने हे फार कौतुकाने समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आपलं ईस्ट-वेस्टच की. त्यात काय एवढं?" दुसऱ्या दिवसापासून ती मलाच रस्ता सांगायला लागली. मी फोनमध्ये नकाशा उघडेपर्यंत ती डोंगराकडे बघून वळलेली असायची. हे मला शुभचिन्ह वाटलं.

पहिली सकाळ बंदरावर. तिथला लाल टॉवर मधे बारीक आणि वर-खाली रुंद आहे. माहितीपत्रकात त्याला कुठल्याशा जपानी वाद्याची उपमा दिली होती. आईने मान वर करून नीट बघितला.

"डमरू," ती म्हणाली. "उभा करून ठेवलाय."

वरून सगळं बंदर दिसतं, बोटी, पूल, डोंगरावरची घरं. मी तिला खिडकीखिडकीशी नेऊन दाखवत होते. ती मान डोलवत होती, लग्नात कुणी आहेराच्या साड्या दाखवल्यावर डोलवतात तशी.

टॉवरपासून जवळच, भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा तसाच राखून ठेवला आहे. उखडलेले दगड, अर्धवट पाण्यात गेलेली फरशी, वाकलेले दिव्याचे खांब. बाकीचं बंदर नव्याने बांधलं, एवढंच ठेवलं. माझ्या हिशेबात इथे एक फोटो आणि पुढे. आई कठड्याला धरून उभीच राहिली.

"हेही पाडून टाकलं असतं तर कोणी काही बोललं नसतं," ती म्हणाली.

"नसतं बोललं," भाऊ म्हणाला.

"तरी ठेवलं." ती माझ्याकडे वळली. "आपल्या बिल्डिंगचं काय ठेवणार आहेत?"

"नाव ठेवतील गं तेच," मी म्हटलं.

"नावं तर आत्तापासूनच ठेवतायत एकमेकांना."

आम्ही तिघंही हसलो, पण परतताना तिने दोनदा मागे वळून त्या धक्क्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी गावातलं जुनं देऊळ बघितलं. लाल कमान, स्वच्छ अंगण, मागे गर्द झाडी. समोर उभं राहून वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं, हे भावाने शिकवलं. आईने ते मन लावून केलं. मी फोटो बघत होते तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. देवळात गेल्यावर प्रदक्षिणा घातल्याशिवाय ती बाहेर पडत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. तिथे प्रदक्षिणेचा मार्गच नाही. ती उजव्या हाताने निघाली, एक फाटक ढकलून मागे गेली आणि पुजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये निघाली. झाडू हातात घेतलेले एक गृहस्थ वाकून वाकून तिला पुढे घेऊन आले. "अर्धीच झाली," ती मला म्हणाली. "त्यांना सांग ना, उरलेली घालते."

त्याच संध्याकाळी दारावरची बेल वाजली.

भावाच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहतात, एकट्या. त्यांच्या हातात रुमालात बांधलेला एक प्लास्टिकचा डबा होता, निळ्या झाकणाचा. मार्चमध्ये तिथे अगदी बारीक मासे मिळतात. सोया, साखर आणि आलं घालून तिथल्या बायका ते पातेलंभर आटवतात आणि शेजारीपाजारी वाटतात. आई आल्याचं बाईंना कळलं होतं, म्हणून तिच्या नावाने वेगळा डबा.

आमचं मूळ गाव कोकणातलं. मासा बघून आई तोंड वाकडं करणारी नाही. पण घास घेतल्यावर थांबली.

"माशात साखर? मीठ समजून टाकली की काय?"

"भाताबरोबर खा," भाऊ म्हणाला.

तिने भाताबरोबर खाल्लं. परत वाढून घेतलं. "मिरची हवी होती. पण हात चांगला आहे बाईचा."

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरची रोपवे होती. मी तयार होऊन बाहेर आले तर आई गॅसपाशी. डोंबिवलीहून बांधून आणलेलं बेसन भाजायला घेतलेलं.

"आई, अगं आत्ता?"

"डबा रिकामा द्यायचा का?"

"धुऊन दारात ठेवू. थँक यू लिहून ठेवू."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पर्स खाली ठेवली. रोपवे गेली. बेसनाचा वास लिफ्टपर्यंत पोचला. डबा लाडवांनी भरून, त्याच रुमालात बांधून ती स्वतः शेजारी देऊन आली आणि फार समाधानाने म्हणाली, "झालं. आता चला कुठे ते."

झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, आत स्ट्रॉबेऱ्या. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या भरून पाठवला. मग आत गोड वाटण भरलेले तांदळाचे मऊ गोळे आले. आई म्हणाली, "मोदकाला कळ्या पाडायला विसरली," पण दोन खाल्ले. मेतकूट गेलं. उकडलेलं रताळं आलं. भाऊ कपाळाला हात लावून बसला.

"आई, इथेही असंच असतं गं. घेतलेलं परत केल्याशिवाय ह्यांनाही चैन पडत नाही. तुम्ही दोघी थांबणार कशा?"

"मी का थांबू? सुरुवात तिने केली."

"ती म्हणेल, लाडू हिने आणले."

"म्हणू दे. तुझं काय जातंय? तुला दोन्हीकडचं खायला मिळतंय ना?"

दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं. आई चक्क मराठीत सांगायची, "तिखट आहे हं, जपून." बाई जपानीत काहीतरी लांबलचक उत्तर द्यायच्या. आई नमस्कार करायची, बाई वाकायच्या. आई पुन्हा नमस्कार, बाई आणखी खाली. यातही आधी थांबायला कोणी तयार नसे. शेवटी लिफ्टमधून कोणीतरी बाहेर यायचं आणि दोघी सुटायच्या.

माझं वेळापत्रक मात्र ढासळत चाललं होतं. समुद्रावरच्या मोठ्या पुलाला आत काचेची जमीन आहे, पायाखाली थेट पाणी दिसतं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या सकाळी शेजारच्या बाई पिशवी घेऊन दारात आल्या आणि खुणेने विचारलं, बाजारात येता का. आईने साडीवर स्वेटर चढवला, कॅनव्हासचे बूट घातले आणि निघाली.

"अगं, पूल?"

"तुम्ही दोघं बघून या. मला फोटो दाखवा."

पुलावर आम्ही दोघंच गेलो. काचेवर मी कठडा धरूनच उभी राहिले. खाली हिरवंकाळं पाणी, त्यावर एक मचवा. भाऊ शेजारी उभा होता.

"ताई, राहील का गं ती?"

"अजून हार्बर क्रूझ बाकी आहे. गरम पाण्याचे झरे बाकी आहेत."

"तू दाखवतेयस तेवढा वेळ ती पाहुणीच आहे. पाहुणा परत जातो."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी म्हटलं, "मग तू सांग काय करू. तिला पुन्हा जिन्यात बसवू?" तो काचेवरून बाजूला झाला. मग म्हणाला, "घरी गेल्यावर रोज डबा उघडतो ना मी, आत काय आलंय बघायला, ते बरं वाटतंय. एवढंच." इतक्या वर्षांत स्वतःच्या एकटेपणाबद्दल तो एवढंच बोलला आहे.

घरी आलो तर आई पिशवी ओट्यावर पालथी करत होती. कांद्याच्या पातीसारखी जाडजूड पात, एक हातभर लांब पांढराशुभ्र मुळा, आणि कागदात गुंडाळलेला मासा. "कोळीण सुरी कशी चालवते बघितलंस तर तोंडात बोट घालशील. आणि भाव कमी करत नाहीत गं कोणी. मी बोट दाखवून कमी करायला सांगितलं, तर ती लाजली आणि मूठभर खायचं शेवाळ फुकट दिलं." आठवडाभरात पहिल्यांदा ती मला काहीतरी दाखवत होती.

मी संधी साधली. "मग? कसं वाटलं कोबे?"

"बघण्यासारखं आहे."

"आणि राहण्यासारखं?"

"तिकीट परतीचं आहे ना?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने उरलेल्या भाजणीची थालीपीठं लावली, डब्यात भरली, शेजारी देऊन आली. हात झटकत म्हणाली, "मिटलं एकदाचं. कोणाचं काही ठेवलं नाही." मला कळलं की तिच्या दृष्टीने आता कोबे संपलं.

सकाळी टॅक्सी खाली उभी. बॅगा लिफ्टमध्ये. आणि शेजारचं दार उघडलं. बाई आल्या, दोन्ही हातांत तो रुमाल, त्यात तोच निळ्या झाकणाचा डबा, खालून कोमट. त्यांनी तो आईच्या हातात ठेवला आणि वाकल्या.

आईचा चेहरा मी विसरणार नाही. "अगो बाई," ती म्हणाली. "आता मी काय देऊ? बॅगा बंद झाल्या." तिने पर्स चाचपली. पर्समध्ये ओवा आणि गुडघ्याचं मलम. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा बाई अजून वाकलेल्याच होत्या.

टॅक्सीत ती डबा मांडीवर घेऊन बसली. "मुद्दाम केलं तिने. शेवटच्या क्षणाला." विमानतळावर आम्ही तो उघडला. भाताचे मुटके होते, आत ते गोड मासे, आणि वरून बारीक चिरलेली लाल मिरची.

आईने एक मुटका संपूर्ण खाल्ला आणि डोळे पुसले. तिखट फारसं नव्हतं.

तो डबा आता डोंबिवलीत ओट्याच्या कोपऱ्यात, रुमालासकट. दुसऱ्याचा डबा आपल्या वापरात घ्यायचा नाही, म्हणून आई त्यात काही भरत नाही. इमारतीतल्या बायका जपानची मजा ऐकायला येतात तेव्हा लाल टॉवर एका वाक्यात उरकतो आणि शेजारच्या बाई चहा संपला तरी संपत नाहीत. मी एकदा म्हटलं, "आई, कुरियरने पाठवून देऊ का?"

"डबा कोणी कुरियरने परत करतं? तुझ्या सासरी करतात का असं?"

गणपती झाल्यावर एजंटने गल्लीत भाड्याची जागा दाखवायला बोलावलं. दुसरा मजला. आईने स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडून बघितला. मग बाहेर येऊन समोरच्या दाराकडे बोट केलं.

"इथे कोण राहतं?"

"बंदच असतं, मावशी. मालक पुण्याला. एकदम शांतता," एजंट म्हणाला.

आई त्या बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिली. मग कठडा धरून एकेक पायरी उतरली. मी मागोमाग उतरले. घरी येऊन तिने चहा टाकला आणि पाठमोरीच विचारलं, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

मी सांगितलं.

"म्हणजे दिवाळीचा फराळ करून निघता येईल. चकली मोडेल विमानात. शंकरपाळे टिकतात. करंज्या चार वरच्या बाजूला ठेवू." तिने डबा उचलून त्याची खोली बोटाने मापली. मी फोन काढून लिहून घ्यायला लागले. शंकरपाळे, करंज्या, बेसन, भाजणी, मलम.

"आणि परतीचं तिकीट कधीचं काढू?"

"आधी डबा तर देऊ दे," आई म्हणाली. "मग ती काय करते ते बघू."