काहून मास्तरांची सावड

साखऱ्याच्या शाळेत संतराम गुरुजींना पोरं पाठीमागं 'काहून मास्तर' म्हणत. उत्तर चूक असो वा बरोबर, गुरुजी कानामागं खडू खोचून विचारणारच, "काहून?"

घरातले पहिले मॅट्रिक ते. अमेरिकेच्या यादवी युद्धाची चार कारणं त्यांनी स्वतः एकेकाळी धडाधड पाठ केली होती, गुणही मिळवले होते. पण अख्खा देश मधोमध का फाटला, ते काही उमगलं नव्हतं. आता, त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात, तोच धडा सातवीला शिकवायचा होता.

"चार कारणं पोरांकडून घोकवून घ्या अन् मोकळे व्हा," मुख्याध्यापक व्यंकटराव म्हणाले.

"एक तास द्या सर. पोरं आपल्या शब्दांत सांगतील."

"एकच. मी येऊन विचारतो. न्हाई जमलं तर उद्यापासून पाठांतर."

गुरुजींनी फळ्यावर आडवी रेघ मारली. वर उत्तर, तिथं कारखाने; खाली दक्षिण, तिथं कापूस. मग दोन्हीकडं एकेक बैल काढला.

"ह्यो बैल हाय का बकरी?" मागून कुणीतरी खुसखुसलं.

"बैलच हाय! सावड ठाऊक हाय ना?"

ठाऊक नसायला काय झालं? ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवतो. आज याचं रान, उद्या त्याचं.

"मग ती मोडते कशी?"

"आधी तंबाखू देणं बंद!"

"मंग बांधावरून जायची वाट बदलतेत."

"मंग बायका पाण्याला येगळ्या येळी जातेत. काठ्या त्याच्यामागून निघतेत, गुरुजी!"

"बस्स!" गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे लढाई शेवटी येते. फाटणं आधी कितीतरी वर्षं चालू असतं."

तेवढ्यात व्यंकटराव आत आले. त्यांनी पुढच्या ग्यानबाला उठवलं. "सांग रे, युद्ध काहून झालं?"

"सर, उत्तरेची अन् दक्षिणेची सावड मोडली. दोघाईचं बी थोडं थोडं चुकलं."

व्यंकटरावांनी मान डोलावली. संतराम गुरुजींचा जीव भांड्यात पडला. इतक्यात मागच्या ओळीतून शकू उठली.

"गुरुजी, तिथला कापूस कोण येचत होतं?"

"गुलाम. विकत आणलेली माणसं."

"अन् भांडण कशावरून?"

"त्यांच्यावरूनच. गुलाम ठेवायचे का न्हाई, यावरून."

"मंग ही सावड न्हाई."

"काहून?" गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"सावडीत दोघंबी बैलवाले असतेत. माही माय कापूस येचाया जाते. तिच्यापाशी बैलच न्हाई. तिची सावड कुणाशी?"

गुरुजी फळ्याकडं पाहत राहिले. त्यांच्या बापाकडं एक बैल होता, म्हणून त्यांना बैलच सुचला होता.

"म्हणजे तुमी चुकीचं शिकवलं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"व्हय सर," गुरुजी म्हणाले. "फाटतं कसं, ते पोरांनी बरोबर सांगितलं. काहून फाटलं, ते मी चुकवलं."

घंटा झाली. पोरं जागची हलली नाहीत. व्यंकटराव दारापर्यंत गेले आणि थांबले.

"उद्या पाठांतर नको," ते म्हणाले. "आधी त्या पोरीला उत्तर द्या. मलाबी ऐकायचंय."

गुरुजींनी दोन्ही बैल पुसून टाकले, रेघ तेवढी ठेवली.

"शकू, उद्याचा धडा तुझ्या मायपासून सुरू करू. ती किती वाजता रानात जाते?"