डी ड्राइव्हवरचा व्हीपीएन

लॅपटॉप स्लो झालाय म्हणून सावंत मॅडमनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. उघडला तर त्यात एक नवा अ‍ॅडमिन युजर. तो मी बनवलेला नव्हता. घाटकोपरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त मला माहीत. अ‍ॅडमिन म्हणजे त्या मशीनचा मालक. बाकीच्यांना साधं एक सॉफ्टवेअरही टाकता येत नाही.

"मॅडम, काय केलंत?"

"अरे महेश, व्हीपीएन अपडेट करा असा मेल आला होता ना. मला वाटलं तूच पाठवलास. केलं क्लिक."

व्हीपीएन म्हणजे घरून लॅबच्या सर्व्हरपर्यंत यायचा खाजगी रस्ता. पण नुसत्या क्लिकने कोणी अ‍ॅडमिन होत नाही. मॅडमना तो अधिकारच नव्हता.

मग आठवलं. लॅपटॉप सुरू झाला की व्हीपीएनचा एक छोटा प्रोग्राम आपोआप चालतो, आणि तो अ‍ॅडमिनपेक्षाही वरच्या अधिकाराने चालतो. तो कुठे आहे बघितलं. डी ड्राइव्हवर.

तिथे तो मीच टाकला होता. आपली सवयच ती, सी ड्राइव्ह कधीही फॉरमॅट करून कोरा करावा लागतो, म्हणून जपायचं ते सगळं डीवर. सीवरच्या प्रोग्रामच्या फोल्डरला विंडोज कोणाला हात लावू देत नाही. डीवर कोणीही फाइल बदलू शकतं. त्या मेलमधून आत शिरलेल्याने व्हीपीएनची फाइल काढून त्याच नावाची स्वतःची ठेवली होती. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू झाला आणि तो मालक झाला.

लॅबचे चाळीसच्या चाळीस लॅपटॉप मी असेच सेट केले होते. आणि सर्व्हरवर पेशंटचे रिपोर्ट. एचआयव्हीचे, प्रेग्नन्सीचे, घरी न सांगितलेले. मी आधी सगळ्यांचा व्हीपीएन बंद केला. दोन मिनिटांत लॅबचे मालक डॉक्टर आले. मॅडमच्या लॅपटॉपमधून कोणीतरी आत घुसलंय, एवढंच मी सांगितलं.

"कोणी केलं हे? सावंतबाईंनी? आजच घरी बसवतो त्यांना."

मॅडम दाराशीच उभ्या होत्या. रिटायरमेंटला दोन वर्षं, घरात एकट्या कमावत्या. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. खरं सांगतो, बसलो. चांगलं अर्धं मिनिट. मग म्हटलं, "सर, क्लिक त्यांचं, पण चूक माझी. व्हीपीएन मीच डीवर टाकला, सगळ्या लॅपटॉपवर."

सगळे लॅपटॉप कोरे करून व्हीपीएन सीवर टाकायला चार दिवस लागले. मॅडम राहिल्या. मीही राहिलो, पण अ‍ॅडमिन पासवर्ड आता डॉक्टरांच्या कपाटात असतो. सॉफ्टवेअर स्वतःहून जिथे बसतं तिथेच बसू द्यावं, एवढं शिकलो.

सर्व्हरवर कोण आलं-गेलं याची नोंद मी जागा वाचवायला सातच दिवस ठेवायचो. तो मेल दहा दिवसांपूर्वीचा होता. त्यातल्या पहिल्या तीन दिवसांत काय गेलं, मला आजही माहीत नाही. रिसेप्शनवर पेशंटचा आवाज चढला की मी काम सोडून ऐकतो, रिपोर्टबद्दल तर नाही ना.